झिंगराजींचा मुलगा



गाडगेबाबांचे नाव ठाऊक नाही असे गाव आपल्या वऱ्हाडात सापडणार नाही. शाळेच्या भिंतीवर त्यांचे चित्र असते, ग्रामसफाईच्या दिवशी त्यांच्या नावाने खराटे हाती घेतले जातात, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव दिलेले आहे. अंगात चिंध्यांचा सदरा, हातात खराटा आणि सोबत मातीचे गाडगे, हे रूप लहान मूलही ओळखते. परंतु त्यांच्या चरित्राचे पहिले पान आपण घाईने उलटतो. ते पान दारूच्या पायी गेलेल्या एका बापाचे आहे. आज त्या पानापासून सुरुवात करू या, कारण आपल्यापैकी काही घरांत ते पान अजूनही उघडे आहे.

बापाची गोष्ट

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात बाबांचा जन्म झाला. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखुबाई. मुलाचे नाव डेबूजी. त्या काळी या समाजात बारसे असो, लग्न असो की तेरवी असो, बकरे कापल्याशिवाय आणि दारू वाटल्याशिवाय कार्य पार पडत नसे. देवाला नवस केला तरी त्यात दारू आलीच. झिंगराजी पहिला प्याला प्यायले ते कुणा गुंडाच्या संगतीत नव्हे. भाऊबंदांच्या पंगतीत, सर्वांच्या देखत आणि रीत म्हणून प्यायले. पुढे पंगत संपली तरी प्याला सुटला नाही. कामावरचे लक्ष गेले, घर खाली आले, शरीर आतून पोखरत गेले. १८८४ मध्ये झिंगराजी वारले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा होता.

मृत्यूपूर्वीची त्यांची एक गोष्ट चरित्रकार सांगतात. आपल्या नाशाचे कारण दारू आहे हे त्यांनी पत्नीपाशी कबूल केले. डेबूला या दारूपासून आणि दारू मागणाऱ्या देवदेवस्कीपासून दूर ठेव, अशी विनवणी त्यांनी केली.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबले पाहिजे. दारू वाईट आहे हे झिंगराजींना कळत नव्हते काय? गावातल्या कोणाहीपेक्षा त्यांना ते जास्त कळत होते. आपल्या लेकराला तिच्यापासून वाचवा असे सांगण्याइतके स्पष्ट कळत होते. माणसाला चांगले काय ते कळले की तो चांगलेच वागतो, असे ग्रीसमधील सॉक्रेटिस मानत असे. पुढे ॲरिस्टॉटलने दाखवून दिले की माणूस कळूनही उलट वागतो, आणि कळणे व वळणे यांत मोठी दरी असते. व्यसनी माणूस त्याच दरीत पडलेला असतो. वरून आपण ओरडून सांगत राहतो की खाली दरी आहे. त्याला ते माहीत असते. त्याला हवा असतो दोर, आणि तो दोर धरणारा माणूस.

झिंगराजींना तो माणूस कोठे मिळाला असता? नागपूरला १८६४ पासून मनोरुग्णालय होते, पण ते वेडे ठरवलेल्यांना भिंतीआड ठेवण्यासाठी होते. व्यसन हा उपचार करण्याजोगा आजार आहे, हा विचार तेव्हा आपल्या खेड्यापर्यंत पोचलेलाच नव्हता. गावात होते ते देवऋषी आणि भगत. आणि ज्या देवापुढे गाऱ्हाणे घालायचे, त्याच्याच नैवेद्यात दारूची बाटली! मदतीचे म्हणून जे एकमेव दार होते, त्या दारालाही दारूचाच वास होता. झिंगराजींच्या मृत्यूचे हे अर्धे कारण आहे, आणि ते कोणी लिहून ठेवत नाही.

दापुऱ्याची वर्षे

सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी आली. ते गाव दापुरे, आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात. मामा चंद्रभानजी यांनी दोघांना आसरा दिला. डेबू गुरे राखू लागला, पुढे शेतीत तरबेज झाला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. रात्री सवंगड्यांना जमवून तो भजने म्हणू लागला. त्या भजनात जातपात पाहिली जात नसे.

दारुड्याच्या घरात वाढलेले मूल कसे असते हे आपल्यातल्या शिक्षकांना आणि धर्मभगिनींना चांगले ठाऊक आहे. एक तर ते लवकर म्हातारे होते, नाहीतर बापाचीच वाट धरते. अशा मुलांना पुढे स्वतः व्यसन लागण्याचा आणि मनाचे आजार जडण्याचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो, असे आज वैद्यकशास्त्रही सांगते. डेबू त्या वाटेने गेला नाही. त्याला आपण दैवी चमत्कार म्हणून मोकळे होतो. पण जरा नीट पाहिले तर काय दिसते? आईने बापाची गोष्ट लपवली नाही. मामाने घर दिले. हाताला काम होते, आणि संध्याकाळी भजनात सोबती होते. ज्या घराला धक्का बसला आहे त्या घरातल्या मुलाला अशा चार आधारांची गरज असते. त्यातला एखादा आधार शेजारीही देऊ शकतो.

१८९२ साली डेबूजीचे कुंताबाईंशी लग्न झाले. मामाची शेती सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने मामा खचून गेला. त्याच्या मृत्यूनंतर डेबूजीने त्या सावकाराशी उघड झुंज घेतली. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा कागदावर कसा घेतला जातो, हे त्याने जवळून पाहिले होते. म्हणूनच पुढे कीर्तनात ते कर्जाविरुद्ध आणि शिक्षणाच्या बाजूने इतक्या पोटतिडकीने बोलत राहिले.

पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाचा प्रश्न आला. रीतीप्रमाणे मटण आणि दारू द्यावी लागणार होती. भाऊबंद त्या अपेक्षेनेच जमले. डेबूजीने पंगतीला गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद कुरकुरले, रागावले, पण डेबूजी हलला नाही. त्याने पंगत मोडली नाही. पंगत राहिली आणि पंगतीतली दारू गेली. बापाचा पहिला प्याला जेथे भरला गेला होता नेमक्या त्याच ठिकाणी मुलाने बांध घातला. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला आजचे समुपदेशक पहिल्याच भेटीत विचारतात की तुम्ही कोणाबरोबर, कोणत्या वेळी आणि कोणत्या निमित्ताने पिता. कारण ती वेळ, ते निमित्त आणि ती संगत बदलल्याशिवाय नुसता निर्धार फार दिवस टिकत नाही.

खराटा आणि प्रश्न

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजीने घर सोडले. घरी आई होती, बायको होती, मुले होती. त्यांनी काय सोसले याचा विचार केल्याशिवाय हे चरित्र पूर्ण होत नाही. पुढे गावोगाव धर्मशाळा उभ्या राहिल्या तरी बाबांनी आपल्या कुटुंबाला त्यांतील सुख घेऊ दिले नाही. सखुबाई आणि कुंताबाई या दोघींचा त्याग बाबांच्या त्यागाहून कमी नव्हता.

बाबा बारा वर्षे अनवाणी भटकले. अंगावर फाटके कपडे आणि हातात मातीचे गाडगे. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा, गाडगेबुवा म्हणू लागले. गावात शिरले की ते आधी खराट्याने रस्ता झाडत. भाकरी मागायची तर त्याबदल्यात काम करायचे हा त्यांचा नेम होता. कोणी पाया पडू लागला तर त्यांना ते चालत नसे. त्यांनी कोणाला शिष्य केले नाही. तुकाराम महाराजांना ते गुरू मानत, मात्र स्वतः कोणाचे गुरू झाले नाहीत.

रात्री कीर्तन होई. त्यात पांडित्य नव्हते, वऱ्हाडी बोली होती. बाबा प्रश्न विचारत आणि जमलेले लोक उत्तर देत. एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघे, आणि शेवटी श्रोत्याला स्वतःच्याच तोंडून स्वतःच्या जगण्याचा हिशेब ऐकू येई. दारूवर किती पैसे जातात, मुलाची पाटी घ्यायला किती लागतात, नवसाचे बकरे कोणी खाल्ले, कर्ज कोणी फेडले. बाबा कठोरही बोलत, झणझणीत बोलत. तरीही लोक हजारोंनी येत, कारण हा माणूस त्यांचीच घाण झाडून मग बोलायला उभा राहिलेला असे. अंतःकरणात शिरायचे तर खालच्या पायरीवरून शिरावे लागते, हे त्यांना ठाऊक होते.

व्यसनी माणसाशी बोलताना आपण बहुतेक वेळा याच्या उलट करतो. आपण उंचावर उभे राहतो, आणि प्रश्न विचारण्याआधीच निकाल देतो. शपथा घालतो, मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला लावतो. शपथ मोडली की तो आपल्याच नजरेतून उतरतो, आणि ती लाज बुडवण्यासाठी पुन्हा पितो. चांगला समुपदेशक शपथ मागत नाही. तो विचारतो, ऐकतो आणि पुन्हा विचारतो. उत्तर रुग्णाच्या तोंडूनच यावे याची तो वाट पाहतो.

आजाऱ्याला औषध

बाबांच्या कामाचा पसारा मोठा आहे. पूर्णा नदीकाठी ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी साफसफाई केली, तेथे घाट बांधला. मूर्तिजापूर, नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. त्यांच्या शिकवणुकीचा सार दहा कलमांत सांगितला जातो, आणि पुष्कळ धर्मशाळांच्या भिंतीवर तो लिहिलेला आढळतो. भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी ही कलमे सर्वांना पाठ आहेत. परंतु त्याच यादीत आणखी दोन कलमे आहेत. एक, रोगी आणि अपंग यांना औषधोपचार मिळावा. दुसरे, दुःखी आणि निराश माणसाला हिंमत द्यावी.

ही दोन कलमे एकत्र वाचा. बाबा अंगारेधुपारे, गंडेदोरे, नवससायास यांच्या विरुद्ध आयुष्यभर बोलले. आजार झाला तर औषध घ्यावे असे ते सांगत. आणि मन खचले असेल तर तेही दुखणेच आहे, त्यालाही माणसाने माणसाचा हात द्यावा, हे त्यांनी भुकेच्या आणि तहानेच्या रांगेत बसवले. निराशेला त्यांनी पाप म्हटले नाही, आळस म्हटले नाही. गरज म्हटले.

धर्मशाळेचा अर्थही यातूनच कळतो. परगावी उपचाराला गेलेल्या माणसाचे आणि त्याच्या नातेवाइकांचे पहिले दुःख म्हणजे रात्री कोठे टेकायचे. बाबांच्या पश्चात मुंबईला दादर येथे उभी राहिलेली त्यांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा देते. उपचार एकट्या रुग्णाचा नसतो, सोबत्याचाही असतो, हे त्या इमारतीत दिसते.

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला बाबांचे अखेरचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी देह ठेवला. झिंगराजींचा मुलगा ऐंशी वर्षे जगला.

आज दार कोठे आहे?

बाबांनी कीर्तनातून अनेकांचे मन वळवले. परंतु ज्याचे शरीरच दारूला बांधले गेले आहे, त्याला कीर्तन, प्रवचन किंवा माझ्यासारख्या धर्मगुरूचा उपदेश पुरेसा पडत नाही. हे मान्य करण्यात श्रद्धेला कमीपणा येत नाही. प्रार्थना आणि कबुलीजबाब यांचे स्थान आहेच. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दोनतीन दिवसांत हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि क्वचित जीवही जातो. म्हणून दारू सोडायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली. घरात कोंडून ठेवून दारू सोडवू नका.

१८८४ साली जे दार नव्हते, ते आज आहे. जऊळक्याच्या माणसाला वाशिमला किंवा अकोल्याला जाऊन एका दिवसात परत येता येते. सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करावी. तेथून जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पाठवता येते. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. घरूनच विचारायचे असेल तर मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे शासनाचे क्रमांक आहेत. त्यांवर फोन करायला पैसे लागत नाहीत.

कोणाकडे जायचे हेही समजून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषधे लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक औषध देत नाही, तो बोलण्यातून उपचार करतो. व्यसनात बहुधा दोघांचीही गरज लागते, कारण दारूच्या मागे कित्येकदा जुने नैराश्य, भीती किंवा न बोललेले दुःख दडलेले असते. त्या दुःखावर इलाज झाला नाही तर दारू परत येते.

निवड करताना प्रश्न विचारायला संकोच करू नका. आपले शिक्षण काय, नोंदणी आहे काय, घरच्यांना भेटता काय, किती दिवस आणि किती खर्च, घरी परतल्यावर पुढे किती महिने संपर्क ठेवता? सरळ उत्तर देतो तो माणूस भरवशाचा. जेथे मारहाण होते, बांधून ठेवतात किंवा नातेवाइकांना भेटू देत नाहीत, तेथून आपला माणूस परत आणा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी घातली आहे. आणि बसस्थानकाच्या भिंतीवर रंगवलेल्या, न सांगता दारू सोडवण्याच्या जाहिरातींना भुलू नका. चहातून चोरून दिलेल्या पुडीत काय असते ते आपल्याला ठाऊक नसते. काही औषधे अशी आहेत की त्यांवर दारू प्यायली तर जिवावर बेतते. शिवाय ज्याला न सांगता औषध दिले, त्याचा घरावरचा विश्वासही जातो.

महाराष्ट्रात हे काम करणारी माणसे उभी राहिली आहेत. ज्या वांद्र्यात बाबांचे अखेरचे कीर्तन झाले, तेथेच १९८१ साली फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. अशा केंद्रांत आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसे इतरांचा हात धरतात. दारूबाजाच्या बायकोला आणि मुलांनाही बोलायला जागा हवी असते, म्हणून कुटुंबीयांचे गटही असतात. घरातला माणूस अजून जायला तयार नसेल तर बायकोने किंवा आईने आधी जावे. उपचाराची सुरुवात तिच्यापासूनही होऊ शकते.

आणखी एक गोष्ट. उपचार घेऊन आलेला माणूस काही महिन्यांनी पुन्हा घसरला, तर पैसे वाया गेले असे म्हणू नका. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण रुग्णाला घराबाहेर काढत नाही, डॉक्टरांकडे परत नेतो. येथेही तेच करायचे.

बंधुभगिनींनो, पक्षाघाती माणसाला चौघांनी खाटेसह उचलून आणले आणि छप्पर उघडून प्रभू येशूपुढे उतरवले, ही गोष्ट आपण सर्व जाणतो. त्या चौघांनी त्याला रोग कसा झाला, चूक कोणाची, हे विचारत बसण्यात वेळ घालवला नाही. गाडगेबाबांच्या बापाला असे चौघे मिळाले नाहीत. त्याचा मुलगा मात्र आयुष्यभर लोकांची खाट उचलत राहिला. आपल्या गल्लीतही एखादे झिंगराजी असतील, आणि त्यांचा आठ वर्षांचा डेबू दारात बसून रोज त्यांची वाट पाहत असेल. या आठवड्यात त्या घरी जा. उपदेश करू नका. वाशिमला कोणत्या दिवशी जायचे तेवढे विचारा, आणि त्या दिवशी सोबत जा.